पहिल्या तारखेचा सदका

“हात जरा मोकळा झाला की देऊ.” हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि बहुतेक वेळा ते मनापासूनच म्हटलेले असते. घरभाडे, वीजबिल, मुलांची फी, सासूबाईंची औषधे आणि वाण्याची उधारी भागवता भागवता वीस-पंचवीस तारखेलाच पैशांचा डबा रिकामा होतो. मग कोणी अडचण घेऊन दारात आले की गृहिणीला संकोच वाटतो. असे दोन-चार वेळा झाले की ती नातेवाइकांकडे जाणेही टाळू लागते. चणचणीचे मोठे नुकसान हेच आहे. पैशांपाठोपाठ माणसेही दूर जातात.

वास्तविक सदक्याचा दरवाजा श्रीमंतांपुरता उघडा नाही. कुरआनच्या सूरह आले-इमरानमध्ये सुबत्तेत आणि तंगीतही खर्च करणाऱ्यांची प्रशंसा आली आहे. अर्धी खजूर देऊन का होईना, आगीपासून स्वतःला वाचवा, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. सहीह बुखारीत हजरत अबू मसऊद अन्सारी (रजि.) यांची रिवायत आहे. सदक्याचा आदेश झाला की ज्यांच्याकडे काही नसे ते सहाबा बाजारात जाऊन हमाली करत आणि मिळालेल्या ओंजळभर धान्यातून सदका देत.

याचा अर्थ स्वतःच्या मुलांना उपाशी ठेवावे किंवा कर्ज काढून इफ्तारच्या पंक्ती उठवाव्यात असा नाही. हात मानेला बांधून ठेवू नये आणि अगदी सैलही सोडू नये, असे सूरह बनी इस्राईल सांगते. आधी घरची माणसे, मग जवळचे नातेवाईक, मग इतर, असा क्रम हदीसमध्ये आहे. गरजू नातेवाइकाला दिल्यास सदका आणि नाते जपणे असा दुहेरी सवाब मिळतो.

मग करावे काय? महिनाअखेरीस उरेल त्यातून देण्याऐवजी पगार हाती येताच थोडे बाजूला काढावे. वीस हजार रुपये येत असतील तर शेकडा एक म्हणजे दोनशे रुपये. तेही जड जात असेल तर पन्नास. रक्कम लहान असो, पण वेगळ्या डब्यात असो, म्हणजे कोणी आल्यावर घरात वाद होत नाही. भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला ठेवण्याची रीतही चांगली. मूठ पन्नास ग्रॅमची धरली तरी महिन्यात दीड किलो तांदूळ साठतात. एखाद्या एकट्या म्हातारीचे काही दिवस त्यात निघतात. शोरब्यात पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवण्याचा हजरत अबू जर (रजि.) यांना केलेला उपदेश तर खास तंगीतल्या चुलीसाठीच असावा असे वाटते.

जिथे पैसा नाही तिथेही देण्यासारखे पुष्कळ असते. शेजारणीच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या. सरकारी दवाखान्याच्या रांगेत कोणासोबत उभे राहा. धुणी-भांडी करणाऱ्या बाईचा पगार ठरल्या दिवशी द्या. संध्याकाळी उरलेल्या चार जुड्या घेऊन बसलेल्या भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. आपले उसने कोणाकडे अडकले असेल आणि तो खरोखर अडचणीत असेल, तर त्याला मुदत द्या. कर्जदाराला सवड देण्याचा आणि जमल्यास सोडून देण्याचा उपदेश सूरह बकरामध्ये आहे.

देण्याची पद्धतही सांभाळायला हवी. जुने कपडे धुऊन, बटणे लावून द्यावेत. डबा पाठवताना मुलांना “गरिबांकडे नेऊन दे” असे सांगू नये. “खालाकडे नेऊन दे” म्हणावे. दिल्यानंतर लग्नकार्यात चारचौघांत त्याचा उल्लेख केला तर दिलेले वाया जाते. उपकार जाणवून देण्यापेक्षा मुळात गोड शब्दात नकार दिलेला बरा, हीसुद्धा कुरआनचीच शिकवण आहे. म्हणून डबा रिकामा असेल त्या दिवशी तोंड लपवू नये. आलेल्याला बसवावे, पाणी द्यावे, त्याचे ऐकून घ्यावे आणि आज जमत नाही हे सरळ सांगावे.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. दागिने निसाबाइतके असतील तर जकात फर्ज आहे. डब्यातले दोनशे रुपये तिची जागा घेत नाहीत. तो हिशेब जाणकार आलिमांना विचारून करावा.

पुढच्या पगाराला किराण्याची यादी लिहाल तेव्हा पहिली ओळ सदक्याची लिहा आणि डब्यात पैसे टाकायला घरातल्या सर्वांत लहान मुलाला सांगा. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि तंगीतही देण्याची तौफीक देवो. आमीन.