ग्लॉसी की मॅट? दापोडीला विचारा!

‘बोट दापोलीला आणि डॅशबोर्ड दापोडीला? टायपो झालाय का?’ एका मैत्रिणीचा प्रश्न.

टायपो नाही मंडळी. माझ्या मामाची छोटी फायबरची बोट दापोली तालुक्यात, मुरूड-हर्णेच्या किनाऱ्यावर असते. सीझनला तो सकाळी सकाळी टुरिस्टांना डॉल्फिन दाखवायला नेतो. तिचा डॅशबोर्ड मात्र गेल्या शनिवारी बेडशीटमध्ये गुंडाळून मी मेट्रोने दापोडीला नेला. ‘हे काय आहे?’ सिक्युरिटीवाल्या मॅडम. ‘बोटीचा डॅशबोर्ड.’ त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की बस! मागे लाइन लागली होती, म्हणून सुटले.

तसं दापोडीला बोटींचं वावडं नाही. इथल्या सीएमईत आर्मीचं रोइंग सेंटर आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला गेलेला आपला दत्तू भोकनळ तिथेच घडला. पण त्या बोटींना ना इंजिन ना डॅशबोर्ड, फक्त वल्ही आणि दम. मी दापोडीला गेले ती दुसऱ्याच कारणाने. इथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, आणि तिथे उभी हयात गाड्या रंगवून रिटायर झालेले एक काका आता घराशेजारच्या शेडमध्ये किरकोळ कामं घेतात.

आता खरी गोष्ट सांगते. या डॅशबोर्डचा आधीचा रंग मीच निवडला होता. दोन वर्षांपूर्वी. पांढराशुभ्र, हाय ग्लॉस, एकदम यॉट लुक! फोटो सॉलिड आले, मी खूश, मामाही खूश. मग या डिसेंबरात एकदा मामा डॉल्फिन दाखवून परत येत होता. आपला किनारा पूर्वेला, म्हणजे सकाळी परतताना ऊन थेट समोरून. पांढऱ्या डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेवर पसरलं आणि समोरच्या जाळ्याचा बोया त्याला दिसलाच नाही. जाळं पंख्यात गुंडाळलं, इंजिन बंद. बोटीत आठ माणसं, त्यातली दोन लहान मुलं. कुणाला काही झालं नाही, फाटलेल्या जाळ्याची भरपाई द्यावी लागली एवढंच. मामा मला एका शब्दाने बोलला नाही. नुसतं म्हणाला, ‘काचेत सगळं पांढरं पांढरं दिसतं गं, सकाळचं.’

त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

काकांनी बेडशीट उघडली आणि विचारलं, ‘ताई, हा डॅशबोर्ड आहे का फ्रीजचा दरवाजा?’

मी लगेच आपला फंडा मांडला: ग्लॉसीचा त्रास होतो ना, मग पांढराच ठेवू, फक्त मॅट करू. काका काही बोलले नाहीत. पत्र्याचे तीन तुकडे आणले: पांढरा मॅट, काळा मॅट, गडद राखाडी सॅटिन. समोरच उन्हाकडे तोंड करून एक टेम्पो उभा होता. त्याच्या काचेखाली एकेक तुकडा ठेवला आणि मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. पांढरा मॅट ठेवला तर चकाकी गेली, पण काचेवर धुकं तसंच! तेव्हा कुठे ट्यूब पेटली. फिनिश ठरवतं उजेड एका जागी चमकणार की पसरणार. पण एकूण किती उजेड काचेवर जाणार, ते ठरवतो रंग. (तुमच्या कारमध्ये डॅशबोर्डवर पांढरा कागद ठेवून बघा. गाडी उभी असताना, प्लीज.)

मग काळा मॅटच का नको? काचेत तो सगळ्यात छान वाटला. पण उघड्या बोटीत दुपारी त्याच्यावर हात ठेववणार नाही. शिवाय पूर्ण मॅटवर मीठ, सनस्क्रीन, बोटांचे ठसे सगळं बसतं आणि घासून काढावं तर तेवढाच भाग चमकायला लागतो. राखाडी सॅटिन पुसता येतो, तापतो पण काळ्यापेक्षा कमी. ठरलं! वरचा आडवा भाग राखाडी. मीटर बसतात तो उभा भाग फिकटच, कारण त्याचं प्रतिबिंब काचेत पडत नाही आणि स्विचही पटकन सापडतात.

काम मात्र वेळखाऊ निघालं. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, मग सॉल्व्हंटने पुसून मेण आणि पॉलिश काढायचं, आणि त्यानंतरच वॉटर पेपर. उलटं केलं तर मेण ओरखड्यांत जाऊन बसतं. डॅशबोर्ड चमकवायचे ते सिलिकॉनवाले स्प्रे तर काकांचे जानी दुश्मन. त्याचा अंश राहिला तरी नव्या रंगाला बारीक खड्डे पडतात. स्विचच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा होत्या. त्या भरल्या, मग इपॉक्सी प्रायमर, मग हार्डनर घालून पीयूचे दोन हात. हा रंग मारताना काकांनी मला शेडबाहेर काढलं आणि स्वतः फिल्टरचा मास्क चढवला. हार्डनरची वाफ फुप्फुसांना वाईट, साधा रुमाल बांधून भागत नाही. सॅटिनचा डबा दर वेळी नीट ढवळायचा, नाहीतर चमक मारणारी पावडर तळाशी बसते आणि पॅनल अर्धं ग्लॉसी, अर्धं मॅट होतं.

मी फोटो पाठवला. मामाचा लगेच फोन. ‘एसटीसारखा दिसतोय की!’

‘एसटीवाल्यानेच रंगवलाय, मामा.’

‘मग ठीक आहे.’ थोडं थांबून म्हणाला, ‘बाहेर बोटीचं नाव आहे ना, ते मात्र लाल आणि ग्लॉसीच ठेवणार हं मी. ते मला आत बसून दिसत नाही.’

सध्या पॅनल माझ्या हॉलमध्ये वाळतंय. आठवडाभर त्याला हात लावायचा नाही, अशी काकांची ताकीद आहे. पुढच्या शनिवारी स्वारगेटहून दापोलीची लाल गाडी पकडायची. पॅनल मांडीवर घेऊन!