पुरुषमाणूस

दलित वस्तीतल्या तरुणापुढे दोन पेच एकदमच उभे राहतात: जात सांगायची की लपवायची, आणि हाताला काम नसताना घरात व चारचौघांत ताठ कसे राहायचे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतही हीच कोंडी आहे. मात्र कातडीचा रंग सहसा लपत नाही. जात काही दिवस लपते, आणि उघडी पडली की जास्त छळते.

काटोलच्या बाजूला शेतमजुरी करणाऱ्याला १८७७ साली सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलने नियमित पगाराची वाट दाखवली. पण जात गिरणीच्या फाटकावर थांबत नसे. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाची सबब सांगून चांगल्या पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद ठेवले गेले. पुढे गिरण्याच बंद पडल्या आणि कमावता म्हणून मिळणारा मानही गेला.

ओळखीचा प्रश्न नागपुरातच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी वेगळ्या वाटेने सोडवला गेला. बाबासाहेबांसोबत लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि लादलेल्या ओळखीऐवजी स्वतः निवडलेली ओळख घेतली.

तरीही रोजचा अपमान संपला नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत रेल्वेतला नोकरदार भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो आणि ती कळताच मार खातो. त्याला सोडवणारा काशिनाथ जात लपवत नाही. तो सुरा बाळगतो. अपमानित पुरुषापुढचे हे दोन रस्ते: गप्प राहणे किंवा हात उगारणे.

१९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तिसरा रस्ता काढला. नाव अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलेले. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही वस्त्या-चाळींतून आलेली, लिहिणारी तरुण मंडळी. एकट्याच्या संतापाला त्यांनी संघटना आणि भाषा दिली.

या मर्दानगीची घरातली बाजू ढसाळांच्या पत्नी मल्लिका अमरशेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनाने उघडी केली. बाहेर अन्यायाशी झुंजणारा पुरुष घरात मालकच राहिला, तर लढाई अर्धीच राहते.

मराठीत पुरुषमाणूस म्हणतात, तसेच बाईमाणूसही म्हणतात. चळवळीने मागितले ते माणूसपण. त्यावर दोघांचा हक्क सारखाच आहे.