स्टॅम्पपेपर कितीचा आणू?
सोलापुरात लग्नाच्या आहेराच्या चादरी चार दुकानं फिरून घेतल्या जातात. मृत्युपत्राचा वकील मात्र मेव्हण्याच्या ओळखीतला म्हणून पक्का होतो. वकिलांना तरी काय म्हणावं, बार कौन्सिलच्या नियमाने त्यांना जाहिरातच करता येत नाही. मग पारखायचं कसं? जरा खोचकपणे विचारा, ‘स्टॅम्पपेपर कितीचा आणू?’ मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही. साधा कागद, सही आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी ऐच्छिक, पण करून ठेवलेली बरी. खरी गोम पुढे आहे. साखर पेठेतलं घर वडिलोपार्जित असेल, तर मृत्युपत्र स्वतःच्या वाट्यापुरतंच करता येतं, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून त्यात मुलीही बरोबरीच्या वाटेकरी आहेत. ‘मुलींचं हक्कसोडपत्र घेऊन टाकू’ असं चहा येण्याआधीच सांगणारा वकील मी तरी टाळेन. आणि मृत्युपत्र करणाऱ्या आजी घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या असतील, तर मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवणारा वकील हवा, नुसता अंगठा उमटवून घेणारा नको. वाचून दाखवल्याची नोंदही त्याच कागदावर, साक्षीदारांसमोर करून घ्या.