यतना चाकांचीही

ईर्यासमिती पाळणारे साधू पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. जुना टेम्पो रस्त्यावर आणणाऱ्या व्यापाऱ्यानेही तशीच यतना राखावी. टेम्पो उभा असताना, इंजिन चालू ठेवून ब्रेकचे पेडल दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल व तेल बाहेर कोठेही गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबर झिजले असावे. चाकाच्या आतील बाजूस तेलाची ओल दिसल्यास व्हील सिलिंडर तपासावा. पेडल स्पंजासारखे लागल्यास ब्रेकच्या नळीत हवा शिरल्याचा संभव अधिक. घटलेले तेल नुसते भरून चालकास घाटात पाठविणे हा प्रमाद होय. दोष सापडून दूर होईपर्यंत टेम्पो जागचा हलवू नये. चुकलेल्या खेपेची भरपाई होते, गेलेल्या जिवाची होत नाही.