झूल कोणाच्या थंडीसाठी?

डिसेंबरच्या मध्यापासून दिल्ली व भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात थंडीच्या लाटेचे इशारे सुरू झाले, की पशुपालकांसाठीच्या सल्ल्यांत एक वाक्य ठरल्याप्रमाणे येते: रात्री जनावरांच्या अंगावर पोती किंवा झूल घालावी. मुख्यतः गाई-म्हशी डोळ्यांपुढे ठेवून दिलेला हा सल्ला घोडा, खेचर आणि गाढव यांनाही तसाच लावला जातो. तो सद्हेतूने दिलेला असतो आणि काही जनावरांच्या बाबतीत प्राण वाचवणाराही ठरतो. परंतु झूल कोणाला घालावी, कधी घालावी आणि मुख्य म्हणजे कधी काढावी, याविषयी त्या वाक्यात काहीच नसते. टाळता येण्याजोगे नुकसान नेमके या न सांगितलेल्या भागात होते.

२०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे सुमारे ३.४ लाख, गाढवे सुमारे १.२ लाख आणि खेचरे सुमारे ८४ हजार उरली आहेत. आधीच्या, म्हणजे २०१२च्या गणनेच्या तुलनेत गाढवे व खेचरे निम्म्याहूनही कमी झाली, घोडेही त्याच वाटेवर आहेत. राजधानी क्षेत्रात या जनावरांचे जग ढोबळमानाने तीन थरांचे आहे. गाझियाबाद, बागपत, झज्जर अशा जिल्ह्यांतील वीटभट्ट्यांवर कच्च्या विटा वाहणारी खेचरे, गाढवे आणि घोडे हा पहिला थर. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत वरातीत चालणाऱ्या घोड्या हा दुसरा. आणि रेसकोर्स, पोलो व घोडदळाच्या पागांतील जनावरे हा तिसरा. तिसऱ्या थराला मोतद्दार आणि पशुवैद्य हाताशी असतात. पहिल्या दोन थरांत झुलीचा निर्णय एकटा मालक घेतो, तोही बहुधा स्वतः शेकोटीजवळ कांबळे पांघरून बसलेला असताना. चुकीची सुरुवात तिथे होते, कारण थंडी त्याला वाजत असते.

सौम्य हवामानाला सरावलेल्या प्रौढ घोड्याला साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात शरीराचे तापमान राखण्यासाठी वेगळी ऊर्जा खर्चावी लागत नाही. कॅनडातील कडाक्याच्या थंडीला सरावलेल्या, दाट केसांच्या घोड्यांत ही खालची मर्यादा उणे १५ अंशांपर्यंत गेल्याचे आढळले आहे. तो आकडा उचलून दिल्लीत आणणे मात्र चुकीचे ठरेल. हिवाळी केसांची वाढ मुख्यत्वे दिवसाच्या लांबीवर ठरते. दिल्लीतला सर्वांत लहान दिवसही सव्वादहा तासांहून अधिक असतो, आणि मारवाडी व काठियावाडी रक्ताच्या घोड्यांचे केस मुळातच आखूड व तलम असतात. तरीही जानेवारीतील तेथील सरासरी किमान तापमान सात-आठ अंशांच्या आसपास राहते. हे लक्षात घेता निरोगी, कोरडा, पोट भरलेला प्रौढ घोडा वाऱ्यापासून आडोसा असेल तर बहुतेक रात्री झुलीवाचून सहज काढू शकतो. या विधानातील एकही विशेषण गाळण्याजोगे नाही.

त्यातले पहिले तपासायचे ते ‘कोरडा’. थंडीत घोड्याचे केस उभारतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो. त्याची खरी झूल ती हवा असते. केस भिजून अंगाला चिकटले की हा थर नाहीसा होतो. त्यामुळे पश्चिमी विक्षोभाच्या पावसात भिजलेला घोडा १० अंशांत जितका गारठतो, तितका कोरडा घोडा ४ अंशांच्या निवांत, वारा नसलेल्या रात्रीत गारठत नाही. नुसत्या थर्मामीटरवर निर्णय सोपवला तर तो येथे फसतो. गोणपाटाचेही तसेच आहे. ताग पाणी शोषतो. दाट धुक्यात उघड्यावर उभ्या असलेल्या खेचराच्या पाठीवरचे पोते पहाटेपर्यंत ओले व जड होते, केस दाबून ठेवते आणि अंगातली ऊब ओढून घेते. असे पोते असण्यापेक्षा नसलेले बरे. पातळ चादरही केस चपटे करून हवेचा थर घालवते आणि बदल्यात फारसे काही देत नाही. पोते घालायचेच असेल तर ते छपराखाली, कोरडे आणि दोन पदरी असावे.

दुसरा ओलावा घामाचा. भट्टीवरचे खेचर शेवटची खेप टाकून थांबते तेव्हा पाठीवरच्या गादीखाली ते घामाने निथळत असते. वरातीची घोडी बँडच्या गजरात, दिव्यांच्या झगमगाटात तास-दोन तास जड जरीची झूल वागवते आणि मध्यरात्री ती उतरवून उघड्या पाठीने मैलभर चालत घरी जाते. रात्रीतला सर्वांत जोखमीचा अर्धा तास हाच असतो. आधी सुक्या गवताच्या बोळ्याने किंवा जाड फडक्याने अंग रगडून पुसावे, जनावर थोडे फिरवावे, तोवर घाम शोषणारे हलके कापड पाठीवर ठेवावे आणि अंग सुकल्यावर ते ओले कापड काढून घ्यावे. वरातीची ती चमचमती झूल पाहुण्यांसाठी असते. रात्रीच्या मुक्कामाला तिचा उपयोग नाही.

‘पोट भरलेला’ या शब्दांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. घोड्याच्या मोठ्या आतड्यात वैरण आंबते आणि त्या क्रियेतून तासन्‌तास उष्णता निघत राहते. तापमान जनावराच्या खालच्या मर्यादेपेक्षा एक अंशाने उतरले, की त्याची ऊर्जेची गरज साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी वाढते. ही वाढ रात्री गव्हाणीत शिल्लक राहील इतक्या जास्तीच्या सुक्या वैरणीने भागवावी. चण्याची मूठ वाढवून ती तितकी भागत नाही. येथे पाण्याचा मुद्दा येतो. राजधानी क्षेत्रात गव्हाचा भुसा हाच अनेक जनावरांचा मुख्य आहार आहे. गार पाणी घोडा कमी पितो, वर भुसा कोरडा, आणि मग आतड्यात अडकण होऊन पोटशूळ उठतो. थंडीच्या दिवसांत सकाळी कोमट पाण्याची एक बादली आणि भिजवलेला भुसा यांनी जे साधते ते कोणत्याही कांबळ्याने साधत नाही. कमी खर्चात जनावर उबदार ठेवायचे असेल तर पैसा आधी वैरणीवर, मग वाऱ्याच्या बाजूच्या ताडपत्रीवर आणि त्यानंतर झुलीवर खर्च करावा, असा क्रम सुचवण्यास हरकत नाही.

काही जनावरांना मात्र झूल लागतेच, आणि तिथे हा क्रम उगाळत बसू नये. पोलो वा शर्यतीसाठी ज्याचे केस कातरले आहेत तो घोडा, म्हातारे जनावर, आजारातून उठलेले, बरगड्या हाताला टोचाव्यात इतके खंगलेले, आणि नवजात शिंगरू यांना थंडीच्या लाटेत पांघरूण द्यावे. गाढवाचा विचार वेगळा करावा. त्याचे पूर्वज आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशातले. ब्रिटनमधील एका अभ्यासात, घोड्यांचे केस हिवाळ्यात स्पष्टपणे वाढत असताना गाढवांच्या केसांत ऋतूनुसार फारसा फरक पडत नसल्याचे दिसले. भट्टीवर एकच झूल असेल आणि दावणीला घोडा व गाढव दोन्ही उभी असतील, तर ती गाढवाला द्यावी. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते, कारण घोड्याची किंमत जास्त.

घोड्याला स्वतःला काय वाटते हेही विचारून झाले आहे. नॉर्वेतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३ घोड्यांना तीन चिन्हे ओळखायला शिकवली: झूल घाला, झूल काढा, आहे तसे राहू द्या. दोन आठवड्यांच्या आत सगळे घोडे नाकाने चिन्हाला स्पर्श करून आपली पसंती सांगू लागले. चांगल्या हवेत त्यांनी झूल नाकारली. पाऊस, वारा आणि गारठा एकत्र आले तेव्हा मागितली. बागपतच्या भट्टीवर असे फलक लावणे शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. कुडकुडणे, वाऱ्याकडे पाठ करून शेपटी दाबून उभे राहणे, वैरण सोडून आडोसा शोधणे, ही उत्तरे जनावर रोज देत असते.

यांपैकी कुडकुडण्याचा अर्थ मात्र घाईने लावू नये. उत्तर भारतात पावसाळ्यात व त्यानंतर टॅबॅनस गटातील मोठ्या चावणाऱ्या माश्या सर्रा रोगाचे परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. माश्या थंडीबरोबर ओसरतात; रोग जनावराच्या रक्तात राहतो. अधूनमधून चढणारा ताप, रक्तक्षय, पायांवर व पोटाखाली सूज, मागच्या पायांत अशक्तपणा आणि चारा खाऊनही खंगत जाणे, ही लक्षणे मग ऐन हिवाळ्यात डोळ्यांवर येतात. तापाने थरथरणाऱ्या अशा घोड्यावर मालक कांबळे टाकतो आणि निर्धास्त होतो. उपचाराविना सर्रा घोड्याचा जीव घेतो, आणि झुलीखाली गेलेले दोन आठवडे परत मिळत नाहीत. म्हणून कुडकुडणाऱ्या घोड्याचे गुदद्वारातील तापमान आधी मोजावे. प्रौढ घोड्यात ते साधारण ३७.५ ते ३८.५ अंश असते. त्याहून जास्त भरले तर प्रश्न थंडीचा नाही. पशुवैद्यकाला बोलवावे आणि रक्त तपासून घ्यावे. दीड-दोनशे रुपयांचा थर्मामीटर प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याच्या पिशवीत असायला हवा.

कीटकशास्त्राच्या अंगाने पाहता, न काढलेली झूल ही उवांची वसाहत असते. घोड्यावर दोन प्रकारच्या उवा आढळतात: त्वचेचा कोंडा खाणारी बोविकोला इक्वाय आणि रक्त शोषणारी हिमॅटोपायनस असिनाय. उन्हाळ्यात आखूड केस व तापलेली त्वचा त्यांना मानवत नाही. हिवाळ्यात केस वाढतात, खरारा चुकतो, जनावरे दाटीने बांधली जातात आणि उवांची संख्या फुगते. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो. हापूड जिल्ह्यातील गढमुक्तेश्वरला कार्तिकी पौर्णिमेच्या गंगामेळ्यात घोडे, खेचरे व गाढवे यांची मोठी खरेदी-विक्री होते. तिथे अंगावर आलेल्या मूठभर उवांना पौष उजाडेपर्यंत दोन पिढ्या मिळतात, आणि त्या सगळ्या झुलीच्या उबेत, अंधारात. आयाळीच्या मुळाशी केस फाकून पाहिले तर लिखा दिसतात. न पाहणाऱ्याला फक्त घोडा भिंतीला अंग घासताना दिसतो.

घोड्याची ऊ गाईवर किंवा माणसावर टिकत नाही. घोडा, खेचर व गाढव यांच्यात मात्र ती झुलीबरोबर फिरू शकते. जनावरावाचून ती आठवडा-दहा दिवसांपेक्षा फार जगत नाही. त्यामुळे वेगळी ठेवलेली, वाळवलेली झूल तीन आठवड्यांनी उवांच्या दृष्टीने निर्धोक होते. गजकर्णाच्या बुरशीचे बीजाणू कापडावर महिनोन्‌महिने टिकतात, तिथे नुसती वाट पाहून भागत नाही. ग्लँडर्सची गोष्ट आणखी गंभीर. २०१७-१८च्या हिवाळ्यात खुद्द दिल्लीत त्याचे रुग्ण घोडे सापडले होते. २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार त्याची सूचना देणे बंधनकारक आहे, आणि तो माणसालाही होतो. असे असताना दानशूर मंडळींनी वाटलेल्या झुली दहा जनावरांत आलटून पालटून वापरणे हे पुण्याचे काम राहत नाही. वाटप करायचेच तर एका जनावराला एक आणि तिच्यावर त्याची खूण, असे करावे. उवांवर पिकाचे कीटकनाशक फवारण्याचा मोहही अनेकांना होतो, तो टाळावा. तोंडाने दिलेले आयव्हरमेक्टिन कोंडा खाणाऱ्या उवेवर फारसे चालत नाही, आणि कोणताही उपचार लिखांवर सहसा परिणाम करत नसल्याने साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावा लागतो. औषध पशुवैद्यकाने ठरवावे.

दिल्लीचा हिवाळा झूल काढायची संधी रोज देतो, ही त्यातली सोय. जानेवारीत पहाटे ७ अंश आणि दुपारी २० अंश, असा फरक सर्वसाधारण असतो. दहा-अकराच्या सुमारास ऊन पडले की झूल उतरवावी, उलटी करून वाळत घालावी, जनावराला खरारा करावा आणि हात फिरवून बरगड्या, खांदे व पाठीवरचे व्रण चाचपावेत. हिवाळी केसांआड घटलेले वजन डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते. अपवाद ‘थंड दिवसां’चा. ३० डिसेंबर २०१९ रोजी सफदरजंगला कमाल तापमान ९.४ अंशांवर थांबले. १९०१पासूनच्या नोंदींत डिसेंबरचा इतका थंड दिवस आढळलेला नव्हता. अशा सूर्यहीन दिवशी अशक्त जनावराची झूल दिवसाही राहू द्यावी, पण बदलून, कोरडी.

सल्ल्यातील वाक्य बदलणे अवघड नाही. ‘भिजलेल्या, खंगलेल्या, वृद्ध व केस कातरलेल्या घोडवर्गीय जनावरांना अंग पुसून कोरडी झूल घालावी, ती दररोज उतरवावी, दुसऱ्या जनावरास वापरू नये, थरथर असल्यास आधी ताप मोजावा’ एवढे लिहिले तरी पुरे. मोबाईलवरच्या संदेशात ते मावते.

महाराष्ट्रात निफाडचा पारा तीन-चार अंशांवर येतो तेव्हा प्रश्न हाच असतो. त्याच सुमारास दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, आणि उत्तरेतून आलेले घोडे तेथे रंगीत झुली पांघरून उभे असतात. घेणाऱ्याने भाव ठरवण्यापूर्वी झूल उतरवायला सांगावी, घोडा उन्हात आणावा, आयाळीच्या मुळाशी केस फाकून पाहावेत आणि बरगड्यांवरून हात फिरवावा. घोडा घरी आणल्यावर झूल मात्र स्वतःची वापरावी.