दोन कुळांचा वृत्तांत

मराठीत ‘कूळ’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक कूळ म्हणजे घराणे; दुसरे कूळ म्हणजे पराव्याची जमीन खंडाने कसणारा शेतकरी. पहिल्या कुळाचा वृत्तांत लिहिला जातो, दुसऱ्याच्या नावापुढे थकबाकी लिहिली जाते. आयर्लंडमधील जमीनदारांच्या आणि धर्मोपदेशकांच्या घराण्यांचे इतिहास वाचताना या दुहेरी शब्दाची वारंवार आठवण होते. पहिल्या कुळाची कीर्ती टिकावी म्हणून ज्या नोंदी जपल्या गेल्या, त्यांच्याच आडोशाने दुसऱ्या कुळाची नावे आज शिल्लक आहेत. पोकळ वंशाभिमानाचे ग्रंथ म्हणून हे इतिहास बाजूला सारण्याची जी सवय साहित्याच्या अभ्यासात रुळली आहे, ती सोडावी असे माझे मत आहे. त्या घराण्यांविषयी वाटणारी हळहळ हे त्याचे कारण नव्हे.

या वाङ्मयप्रकाराचा साचा ठरलेला आहे. जॉन बर्क या टिपेररीच्या गृहस्थाने १८२६ मध्ये उमरावांच्या वंशावळींचा कोश काढला आणि पुढे जमीनदार घराण्यांनाही तोच मान दिला. त्याचा मुलगा बर्नार्ड १८५३ ते १८९२ या काळात डब्लिनमध्ये ‘अल्स्टर किंग ऑफ आर्म्स’, म्हणजे कुलचिन्हे आणि वंशावळी प्रमाणित करणारा सरकारी अधिकारी होता. अशा ग्रंथांतील नोंद बहुधा सतराव्या शतकातील मूळ पुरुषापासून निघते. त्याला जमीन मिळाली, एवढे सांगितले जाते. ती कोणाकडून काढून घेऊन मिळाली, हे क्वचितच. मग विवाह, मुले, वाड्याचे बांधकाम. थोरल्याकडे इस्टेट, धाकट्यांकडे सैन्य किंवा चर्च.

त्यामुळे वाडा आणि चर्च ही दोन निरनिराळी जगे नव्हती. अनेकदा एकाच जेवणाच्या मेजावरचे ते दोन भाऊ होते. ‘चर्च ऑफ आयर्लंड’ हा १८७१ पर्यंत राज्याचा अधिकृत पंथ होता. बहुसंख्य शेतकरी कॅथलिक. तरीही दशांश कर द्यायचा तो या परक्या पंथाच्या उपदेशकाला. १७०४ च्या कायद्याने तर वारसाहक्कालाच धर्माची अट घातली. कॅथलिक जमीनदाराच्या मृत्यूनंतर जमीन सर्व मुलांत समान वाटली जाई. थोरल्याने अधिकृत पंथ स्वीकारला तर मात्र ती अखंड त्याला मिळे. म्हणून वंशावळीत एखाद्याच्या नावापुढे पंथांतराचे वर्ष दिसले, की ते श्रद्धेचे मानायचे की सातबाऱ्याचे, हा प्रश्न वाचकाने विचारायलाच हवा. उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. एजवर्थस्टाउनचा धर्मोपदेशक रॉबर्ट एजवर्थ याने कॅथलिक होऊन पद सोडले आणि तो कुटुंबासह फ्रान्समध्ये तुलूझला गेला. १७९३ मध्ये सोळाव्या लुईच्या अखेरच्या क्षणी गिलोटिनपाशी उभा असलेला पाद्री हेन्री एजवर्थ हा त्याचाच मुलगा. वंशावळीतल्या दोन-तीन ओळींत एवढे नाट्य मावते. ते वाचायला मात्र कोरड्या नोंदीची सवय लागते.

हे साहित्य वाचण्याच्या दोन पद्धती आज प्रचलित आहेत. पहिली पद्धत स्मरणरंजनाची. १९२० ते १९२३ या काळात पावणेतीनशेच्या आसपास वाडे जाळले गेले; त्यांच्या भिंतींवर वेल चढली, आणि त्या भग्नतेचे एक काव्य तयार झाले. दुसरी पद्धत उत्तर-वासाहतिक समीक्षेच्या सोप्या आवृत्तीची: हे लोक शोषक होते, तेव्हा त्यांचे आत्मवृत्त हे शोषणाचे समर्थन, आणि म्हणून वाचण्याजोगे काही नाही. पहिल्या वाचनात कूळ दिसतच नाही. दुसऱ्या वाचनात त्याचा कैवार घेतला जातो, पण त्याचे नाव शोधण्याचे कष्ट घेतले जात नाहीत. मला दुसरी चूक अधिक खटकते, कारण ती न्यायाच्या नावाने होते.

नाव शोधायचे म्हटले तर ते सापडणार कोठे? ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ इमारतीतील सार्वजनिक दप्तरखाना स्फोटात आणि आगीत भस्मसात झाला. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची कागदपत्रे जवळजवळ सगळी गेली. त्यानंतरच्या चार जनगणनांचे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते. त्यामुळे आज पूर्णपणे उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची आहे. चर्च ऑफ आयर्लंडच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या ज्या नोंदवह्या सुरक्षिततेसाठी दप्तरखान्यात आणून ठेवल्या होत्या, त्या जळाल्या. जिथे उपदेशकाने वही आपल्याच चर्चमध्ये ठेवली होती, तिथे ती वाचली.

अशा वेळी ज्यांना आपण वंशाभिमानी म्हणून हसतो, त्यांची टिपणे मोलाची ठरली. सर आर्थर व्हिकर्स याने १५३६ ते १८१० या काळातील प्रमुख मृत्युपत्रांची सूची १८९७ मध्ये छापली होती. एप्रिल १९२१ मध्ये केरी परगण्यातील त्याचा वाडा जाळण्यात आला आणि त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्याच वर्षी मूळ मृत्युपत्रेही जळाली. उरली ती त्याची सूची. कॅनन जेम्स लेस्ली या उपदेशकाने एकेका धर्मप्रांतातील उपदेशकांची चरित्रात्मक यादी तयार करण्यात आयुष्य घालवले. त्यातील आर्मा प्रांताचा ग्रंथ आगीच्या अकरा वर्षे आधी, १९११ मध्ये निघाला होता. आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०२२ मध्ये, ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हा प्रकल्प लोकांसाठी खुला झाला. जळालेला दप्तरखाना इतरत्र उरलेल्या नकला-उताऱ्यांतून पुन्हा उभा करण्याचा तो प्रयत्न आहे, आणि त्याची भिस्त अशाच नकलनविसांवर आहे.

शेतकऱ्याचे नावही असेच, दुसऱ्याच्या कामासाठी लिहिलेल्या कागदात सापडते. १८२३ ते १८३७ या काळातील दशांश कराच्या वह्या उपदेशकांच्या उत्पन्नासाठी झाल्या. १८४७ ते १८६४ चे ग्रिफिथचे मूल्यांकन कर बसवण्यासाठी झाले. जनगणना नसलेल्या काळात कोणत्या शेतावर कोण होता, हे सांगणारे प्रमुख साधन आज तेच आहे. याशिवाय आहेत जमीनदारांची खासगी दप्तरे. रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाउनचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. ही इस्टेट १८४५ मध्ये मेजर डेनिस मॅहन याच्याकडे आली. आधीचा धनी त्याचा चुलतभाऊ, तिसरा लॉर्ड हार्टलंड, स्वतः धर्मोपदेशक होता. पण अखेरच्या काळात त्याला वेडसर ठरवण्यात आले होते. इस्टेट हाती आली त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडला. कारभाऱ्याने हिशेब मांडला, की कुळांना दरिद्रगृहात वर्षभर पोसण्यापेक्षा त्यांचे जहाजभाडे भरणे स्वस्त पडते. १८४७ मध्ये १,४९० जणांना कॅनडाकडे रवाना करण्यात आले, आणि त्यांतील अनेक जण वाटेतच गेले. त्याच नोव्हेंबरात मॅहन गोळीला बळी पडला. वंशवृत्तांताच्या साच्यात यातले एवढेच बसते: मेजर, इस्टेट, हत्या, १८४७.

पण १९७९ मध्ये हा वाडा विकला गेला आणि जमीनदाराच्या कचेरीतील हजारो कागद हाती लागले. त्यांत १८४६ सालचा, क्लूनाही येथील कुळांनी केलेला अर्ज होता. उपासमारीची हकीकत सांगून त्यांनी काम मागितले होते. आयर्लंडमधील दुष्काळाचे संग्रहालय पुढे याच वाड्याच्या आवारात उभे राहिले. तो अर्ज जपला गेला, कारण जमीनदाराच्या कारकुनाने तो फाइलीत लावून ठेवला. दप्तर जपण्यामागची वृत्ती मालकीची होती. जपले गेले ते मालकाविरुद्धची साक्ष म्हणून.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: जमीनदाराच्या वहीत कूळ दिसते ते केवळ देणेकरी म्हणून. त्याचे गाणे, त्याची भाषा, त्याचा राग त्या वहीत नसतो. खरे आहे. म्हणूनच अशा वहीला मी इतिहास म्हणत नाही. ती इतिहासाची सुरुवात आहे. आणि या वर्गाचे आत्मकथन नेहमी लपवाछपवीच करते, असेही नाही. कूल येथील सर विल्यम ग्रेगरी याने १८४७ मध्ये कायद्यात कलम घातले, की पाव एकराहून अधिक जमीन धरून असलेल्याला सरकारी मदत मिळू नये. मदतीसाठी जमीन सोडा, नाही तर उपाशी राहा, असा त्याचा अर्थ. आत्मचरित्रात तो या कलमाची कठोरता मान्य करतो आणि तरीही त्याचे समर्थन करतो. ते पुस्तक १८९४ मध्ये संपादित करून छापले त्याच्या विधवेने. हीच पुढे अ‍ॅबी थिएटरच्या संस्थापकांपैकी एक झालेली लेडी ग्रेगरी. एलिझाबेथ बोवेन १९४२ च्या ‘बोवेन्स कोर्ट’मध्ये आपल्या घराण्याच्या पायाशी असलेला अन्याय नाकारत नाही. तिने विकलेला तो वाडा १९६१ मध्ये पाडला गेला. वाड्याचे दगड गेले, तो कबुलीजबाब राहिला.

या सगळ्याची किल्ली मारिया एजवर्थने १८०० मध्येच ‘कॅसल रॅकरेंट’मध्ये देऊन ठेवली होती. एकामागून एक आलेल्या चार धन्यांच्या या घराण्याचा वृत्तांत सांगतो तो म्हातारा नोकर थेडी. धन्याची स्तुती करता करता तो त्यांचे सारे दिवाळे उघडे करतो. त्याचा मुलगा जेसन आरंभी कारभाऱ्याच्या खंडवह्यांची फुकट नक्कल करून देत असतो, आणि शेवटी इस्टेट त्याच्याच हातात जाते. थेडी वाड्याच्या गोष्टी सांगत राहिला. जेसनने वही वाचली.

ही कादंबरी शिकवताना आपण थेडीच्या निवेदनावर आणि त्यातील उपरोधावर तासच्या तास बोलतो. त्यातला एक तास जेसनला द्यावा. ग्रिफिथच्या मूल्यांकनाचे एखादे पान आज संगणकावर सहज मिळते. ते विद्यार्थ्यांपुढे ठेवावे आणि त्यातली नावे मोठ्याने वाचायला सांगावीत. वंशावळीत वाड्यातल्या माणसाला आजोबा आणि पणजोबा असतात, मूल्यांकनात शेतकऱ्याला फक्त एक नाव आणि एक आकडा. हा फरक विद्यार्थ्याच्या कानाला जाणवला, की वृत्तांत कोणाचा लिहिला गेला आणि कोणाचा लिहायचा राहिला, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.