वचन सापडते, आवाज सापडत नाही

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. सगळे त्यांना ‘सिस्टर’ म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत औषधे घातली, आता त्यांच्याच डोळ्यांनी दगा दिला. मोठ्या टाइपातले बायबलही भिंग लावून दोन ओळींपुढे सरकेना, तेव्हा नातवाने मोबाईलवर मराठी बायबलचे ध्वनिमुद्रण घालून दिले. परवा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही संगणकावर लिहिता ना? मग एवढे सांगा. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रातले एकशे पाचवे वचन ऐकायचे, तर आधीची एकशे चार का ऐकायची?”

वाचकहो, प्रश्न साधा आहे. पण जगभरचे हौशी संगणकतज्ज्ञ याच प्रश्नाशी झुंजत आले आहेत.

बायबलच्या अभ्यासासाठी ‘स्वोर्ड’ नावाचा प्रकल्प आहे. ट्रॉय ग्रिफिट्स यांनी १९९०च्या दशकात तो सुरू केला. तो मुक्तस्रोत आहे; म्हणजे आज्ञावली फुकट मिळतेच, शिवाय ती कशी लिहिली आहे तेही उघड असते. पदार्थाबरोबर पाककृतीही हातात यावी, तसे. ज्याला हवे त्याने तीत बदल करावा. याच पायावर संगणकासाठी ‘झायफॉस’ आणि ‘बायबलटाइम’, तर अँड्रॉइड मोबाईलसाठी ‘अँडबायबल’ उभे राहिले. एका खिडकीत मूळ वचन, शेजारी दुसरे भाषांतर, खाली भाष्य आणि शब्दकोश. एखादा शब्द शोधा, तो आलेली सगळी वचने समोर हजर होतात. नकाशे आणि चित्रेही जोडता येतात.

हे जमते, कारण मजकुरातील प्रत्येक वचनाला पत्ता असतो : पुस्तक, अध्याय, वचन. ध्वनिमुद्रणाचे तसे नाही. वाचणारा माणूस अध्याय सलग वाचतो आणि त्या अध्यायाची एकच फाइल तयार होते. १७६ वचनांचे ११९वे स्तोत्र हा बायबलमधील सर्वांत लांब अध्याय. त्यातले १०५वे वचन फाइलमध्ये कितव्या सेकंदाला सुरू होते, हे संगणकाला कोण सांगणार?

यावर पहिला उपाय म्हणजे संगणकालाच वाचायला लावणे. झायफॉसमध्ये एडिंबरो विद्यापीठात तयार झालेल्या ‘फेस्टिव्हल’ या आज्ञावलीच्या मदतीने मजकूर मोठ्याने वाचून घेता येतो. अँडबायबल मोबाईलमधल्याच वाचकयंत्रणेला कामाला लावते. ‘ईस्पीक’ या मुक्तस्रोत यंत्रणेला तर मराठीही येते. इथे वचन चटकन सापडते, वेगळी फाइलही लागत नाही. पण सिस्टरना तो आवाज ऐकवला, तर त्या म्हणाल्या, “हा रेल्वे स्टेशनवर घोषणा करतोय की प्रार्थना?” स्तोत्र कुणा माणसानेच म्हणायला हवे, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

दुसरा उपाय फार गमतीचा. ‘एनिआस’ नावाची मुक्तस्रोत आज्ञावली आधी तो मजकूर ईस्पीककडून वाचून घेते. त्या यांत्रिक वाचनात कोणते वचन केव्हा सुरू झाले, हे तिला नेमके ठाऊक असते. मग हे वाचन आणि माणसाचे ध्वनिमुद्रण यांच्या ध्वनीची ठेवण ती ताडून पाहते. कुठे ताणते, कुठे आखडते आणि दोन्ही जुळवून देते. शेवटी हाती येते वेळांची यादी : अमुक वचन, सुरुवात इतक्या सेकंदाला, शेवट इतक्या सेकंदाला. ही यादी मिळाली, की आवाजालाही पत्ता मिळाला.

अडचणी मात्र उरतातच. सगळ्या आवृत्त्यांतील वचनांची मोजणी सारखी नाही. योहानाच्या तिसऱ्या पत्रात काही आवृत्त्या १४ वचने मोजतात, काही १५. हिब्रू बायबलात अनेक स्तोत्रांचे शीर्षकच पहिले वचन धरतात. मजकूर एका आवृत्तीचा आणि आवाज दुसरीचा असला, तर सगळे एका घराने सरकते.

आकाराचेही गणित आहे. संपूर्ण इंग्रजी बायबलचा मजकूर चार-पाच मेगाबाइटांत मावतो. तेच वाचायला सत्तर-ऐंशी तास लागतात आणि मध्यम दर्जाचे ध्वनिमुद्रणही दोन गिगाबाइटांच्या घरात जाते.

सर्वांत अवघड गाठ हक्कांची. पंडिता रमाबाईंचे मराठी भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. इतक्या जुन्या मजकुरावरचा हक्क संपलेला असतो. पण तोच मजकूर आज कुणी वाचून ध्वनिमुद्रित केला, तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क नव्याने सुरू होतो आणि पाठीमागे संगीत असेल तर त्याचा वेगळा. म्हणून आज्ञावली मुक्त असली, तरी तिच्यात घालायचा आवाज मुक्त असेलच असे नाही. एक दिलासा आहे. आपल्या कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने दृष्टिहीन व अन्य अपंग व्यक्तींना वापरता येईल अशी प्रत, नफ्याविना, करून देण्याची मुभा दिली आहे.

त्या आधारावर आम्ही सिस्टरपुरते घरगुती काम हाती घेतले. ‘ऑडॅसिटी’ ही मुक्तस्रोत आज्ञावली उघडली. तीत ध्वनीच्या पट्टीवर हव्या त्या जागी खुणा करता येतात आणि त्या खुणांवर फाइलचे तुकडे पाडून घेता येतात. नातू खुणा करायला बसला खरा, पण वाचणारा वचनांचे आकडे सांगत नव्हता. कुठे एक संपले आणि कुठे दुसरे सुरू झाले, हे त्या पोराला कळेना. पुस्तकात बघावे तर आवाज पुढे निघून जाई.

तेव्हा सिस्टर खुर्ची ओढून शेजारी बसल्या. डोळे मिटले आणि ऐकता ऐकता सांगू लागल्या, “इथे. आता इथे. थांब, मागे घे, तो श्वास होता, वचन नव्हे.” सगळे स्तोत्र त्यांना पाठ होते. दोन संध्याकाळी गेल्या आणि १७६ तुकडे तयार झाले, प्रत्येकाला त्याचा आकडा.

नातवाने १०५वा तुकडा लावला. सिस्टरनी तो दोनदा ऐकला. मी विचारले, “पाठ होते, तर मग ऐकायचे कशाला?”

“स्वतःच म्हटले तर घरात आवाज माझा एकटीचाच असतो हो,” त्या म्हणाल्या. मग नातवाकडे वळून, “बाळा, आता उरलेली एकशे एकोणपन्नास स्तोत्रे कधी करायची?”